काजूची बोंडे, बोकडाचे पोट आणि आपले आरोग्य

फाल्गुन सरत आला की कोकणातल्या काजूच्या बागांतून एक ओळखीचा आंबूस वास येऊ लागतो. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडतो. बी पिळून काढली जाते, टोपलीत जाते, बाजारात जाते. बोंड मात्र तिथेच राहते. दोन दिवसांत त्याला पाणी सुटते, तिसऱ्या दिवशी माश्या घोंघावू लागतात आणि आठवड्याभरात तिथे काळा चिखल उरतो. काजूचे बोंड त्याच्या बीपेक्षा वजनाने पाच ते दहापट भरते. म्हणजे १०० किलो ओली बी घरी नेणारा बागायतदार मागे निदान ५०० किलो बोंडे कुजायला सोडून येतो.

याच गावात उन्हाळ्याच्या अखेरीस शेळ्या पाळणाऱ्या घरांना चाऱ्याची चिंता लागलेली असते. डोंगरावरचे गवत करपलेले, पाला दूर गेलेला, पेंडीचा भाव चढलेला. आषाढी अमावास्येच्या आधी बोकडांना चांगले गिऱ्हाईक असते, पण त्याच सुमारास बोकड हाडावर आलेले असतात. मग कुणाच्या तरी मनात येते, ही बोंडे शेळ्यांना का घालू नयेत? शेळी तर ती आवडीने खाते.

प्रश्न योग्य आहे. उत्तर ‘होय’ असेच आहे, परंतु त्या ‘होय’च्या मागे काही अटी आहेत. त्या पाळल्या तर टाकाऊ बोंडांचे मांस होते. न पाळल्या तर एका रात्रीत चार बोकड आडवे होतात आणि मुलांच्या जूनमधल्या वह्या-पुस्तकांसाठी राखलेले पैसे त्यांच्याबरोबर जातात. या सदरात एरवी आपण माणसाच्या आरोग्याबद्दल वाचतो. आजचा विषय गोठ्यातला असला तरी त्याचा शेवट आपल्याच ताटात होतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

बोंडात आहे तरी काय?

काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले आणि इथल्या जांभ्या मातीत ते असे रुजले की आज ते परके वाटत नाही. बोंडात सुमारे ८५ टक्के पाणी असते. साखर साधारण १० टक्क्यांच्या आसपास. ‘क’ जीवनसत्त्व तर संत्र्याच्या चौपट-पाचपट. खाल्ल्यावर घसा खवखवतो, जीभ जड होते, ते त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे.

गोव्यात बोंडे तुडवून, दाबून रस काढतात आणि तो आंबवून त्यापासून आधी हुर्राक व मग फेणी तयार करतात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे काही ठिकाणी बोंडांचे सरबत व सिरप होते. रस गेला की मागे उरतो तो तंतुमय चोथा. त्यात पाणी कमी, तंतू जास्त आणि थोडी साखर शिल्लक असते. शेळीच्या दृष्टीने अख्ख्या बोंडापेक्षा हा चोथाच अधिक सुरक्षित. त्याचे कारण शेळीच्या पोटात आहे.

शेळीचे पोट कसे चालते?

शेळी रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यातले कोठीपोट सर्वांत मोठे. मोठ्या शेळीत ते पंधरा-वीस लिटरचे पिंपच असते. या पिंपात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. शेळी खाते पाला, पण पाला पचवतात हे जंतू. ते चाऱ्याचे तंतू आंबवतात, त्यातून सौम्य आम्ले तयार होतात आणि ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जाऊन शेळीला ताकद देतात. शेळी रवंथ करताना जी भरपूर लाळ गिळते ती अल्कधर्मी असते. तिच्यामुळे पिंपातली आंबटाई आटोक्यात राहते. थोडक्यात, शेळीच्या पोटात आंबवण्याचे काम अहोरात्र चालू असते, पण मंद आचेवर.

आता या पिंपात एकदम दोन-तीन किलो गोड बोंडे पडली तर काय होते? साखर खाणारे जंतू वेगाने वाढतात आणि लॅक्टिक आम्ल ओकू लागतात. आंबटाई झपाट्याने वाढते. तंतू पचवणारे उपयोगी जंतू मरतात. आम्लामुळे शरीरातले पाणी कोठीपोटात ओढले जाते आणि जनावर आतून कोरडे पडते. पुढे ते आम्ल रक्तात उतरते. डॉक्टर याला ॲसिडोसिस म्हणतात. गावाकडे ‘बोकडाला खाणे बाधले’ असे म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. बागेत मोकाट सोडलेल्या शेळ्या हंगामात अचानक मरतात, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते. अति तेथे माती, ही म्हण कोठीपोटाला शब्दशः लागू आहे.

मग आंबवून का द्यायचे?

वाचक विचारतील, आंबटपणामुळे जनावर मरते तर आंबवलेले खाद्य कशाला? यातली गोम अशी. हवाबंद पिंपात बोंडे किंवा चोथा मुरवला की त्यातली बरीचशी साखर पिंपातलेच जंतू खाऊन टाकतात. जो भडका शेळीच्या पोटात उडाला असता तो बाहेर, पिंपात उडून शांत होतो. तयार झालेले आम्ल खाद्यात राहते हे खरे, पण ते थोडे थोडे पोटात गेले तर कोठीपोटातले जंतू दोन आठवड्यांत त्याची सवय करून घेतात आणि त्याचाही अन्न म्हणून उपयोग करतात. शिवाय या आम्लामुळे खाद्य कुजत नाही. एप्रिलमधले बोंड ऑगस्टपर्यंत टिकते. मुसळधार पावसात शेळ्या बाहेर काढता येत नाहीत, ओला चारा खाऊन त्यांना हगवण लागते, त्या दिवसांत हे खाद्य हाताशी राहते. मक्याचा मुरघास आता पुष्कळांना ठाऊक आहे. हा त्याचाच भाऊ.

मात्र आंबणे आणि आंबणे यात फरक आहे. हवा लागली की यीस्ट आणि बुरशी माजतात. यीस्ट साखरेची दारू करते, पुढे त्या दारूची व्हिनेगर होते आणि बुरशी विष तयार करते. हवा बंद केली की लॅक्टिक आम्ल करणारे जंतू वरचढ ठरतात. आपल्याला हवे आहे ते दुसरे. कोपऱ्यात ढीग घालून ठेवलेली बोंडे म्हणजे मुरघास नव्हे, तो उकिरडा आहे.

पिंप कसे भरावे?

पहिली गोष्ट, ताजा माल. झाडाखाली दोन दिवस पडून काळी पडलेली बोंडे घेऊ नयेत. सकाळी वेचलेली बोंडे त्याच दिवशी पिंपात गेली पाहिजेत. रस काढल्यावरचा चोथाही त्याच दिवशी वापरावा.

दुसरी गोष्ट, एकही बी किंवा टरफल आत जाता कामा नये. काजूच्या टरफलातले तेल अंगाला लागले तर माणसाच्या हाताला फोड येतात. तेच शेळीच्या तोंडात आणि आतड्यात होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाण्याचे प्रमाण. नुसता चोथा किंवा नुसती बोंडे भरली तर खाली रस साचतो आणि दारूचा वास येऊ लागतो. म्हणून कोरडा भाताचा पेंढा बोट-दीड बोट लांबीचा कापून मिसळावा. हिशेब सोपा आहे. दाबून पिळलेल्या चोथ्यात साधारण ७५ टक्के पाणी असते. असा १०० किलो चोथा असेल तर २० किलो पेंढा लागतो. ठेचलेली अख्खी बोंडे १०० किलो असतील तर पेंढा ३३ किलोच्या आसपास लागतो. या मापाने मिश्रणातले पाणी ६५ टक्क्यांच्या जवळपास येते आणि तेवढेच हवे असते. काट्याशिवाय ओळखायचे तर मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबावे. बोटांतून पाणी टपकले तर पेंढा कमी पडला. मूठ उघडताच सगळे भुरभुर सुटले तर पेंढा जास्त झाला. गोळा हळूहळू उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर माप बरोबर आहे.

चौथी गोष्ट, दाबणे. झाकण व कडी असलेले २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप यासाठी उत्तम. रसायनाचे जुने पिंप मात्र कितीही धुतले तरी वापरू नये. मिश्रणात १०० किलोमागे अर्धा किलो मीठ टाकावे. गूळ किंवा मळी घालण्याची गरज नाही, साखर पुरेशी असते. वीतभर थर टाकावा, धुमसाने किंवा पायाने दाबावा, मग पुढचा थर. पिंप काठोकाठ भरून वर जाड प्लॅस्टिक अंथरावे, झाकण लावून कडी आवळावी आणि सावलीत ठेवावे. पहिले चार-पाच दिवस आत वायू तयार होतो. झाकण फुगल्यासारखे वाटले तर कडी क्षणभर सैल करून लगेच आवळावी. त्यानंतर निदान ३० दिवस हात लावू नये.

चांगले-वाईट कसे ओळखावे?

चांगले मुरलेले खाद्य पिवळसर तपकिरी दिसते. वास लोणच्यासारखा किंवा आंबट ताकासारखा येतो. हाताला चिकटत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसा पीएच मोजण्याचा कागद मिळाला तर तो लावून पाहावा. आकडा ४ च्या आसपास असावा. दारूचा भपका, नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास, खवट लोण्यासारखी दुर्गंधी, काळा बुळबुळीतपणा किंवा पांढरी-हिरवी बुरशी, यांपैकी काहीही दिसले तर ते खाद्य फेकावे. वरचा बुरशीचा थर काढून खालचे घालावे, असा मोह अनेकांना होतो. बुरशीची मुळे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेली असतात. बुरशीच्या खालचा निदान वीतभर थर टाकून द्यावा आणि त्याखालच्या मालाबद्दल जरा जरी शंका आली तर सगळे पिंप खतात घालावे. खत झाले तर नुकसान एका पिंपाचे होते, बोकड मेला तर ते वर्षाचे होते.

पिंप एकदा उघडले की रोज वरचा तीन-चार बोटांचा थर काढून संपवावा आणि प्लॅस्टिक पुन्हा दाबून बसवावे. चारच शेळ्या असतील तर मोठ्या पिंपाऐवजी छोटी पिंपे भरावीत.

किती द्यावे, कसे द्यावे?

पंचवीस किलो वजनाचा वाढता बोकड दिवसाला कोरड्या वजनाने पाऊण ते एक किलो खाद्य खातो. त्यातला फार तर तिसरा हिस्सा मुरवलेल्या बोंडांचा असावा. ओल्या वजनात हे साधारण ७०० ते ८०० ग्रॅम होते. पण पहिल्या दिवशी एवढे घालू नये. १०० ग्रॅमने सुरुवात करावी आणि दर दोन दिवसांनी १०० ग्रॅम वाढवावे, म्हणजे पंधरा दिवसांत पुरे माप येते. सकाळी आधी पेंढा किंवा कोरडा पाला द्यावा. त्यावर हे खाद्य द्यावे. रिकाम्या पोटी कधीही देऊ नये. मधे आठवडाभर खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी.

या खाद्याची एक उणीव लक्षात ठेवली पाहिजे. त्यातली प्रथिने टॅनिनने बांधून ठेवलेली असतात. ती शेळीला पूर्ण मिळत नाहीत. ब्राझीलच्या ईशान्य भागात काजूच्या बागा मोठ्या आहेत आणि तिथे बोंडांचा चोथा हत्तीगवताच्या मुरघासात मिसळून मेंढ्यांवर प्रयोग झाले आहेत. चोथ्याने मुरघास चांगला मुरतो, पण प्रथिनांचे पचन कमी होते, असे तिथे आढळले. टॅनिन सोसण्याची ताकद शेळीत गाय-मेंढीपेक्षा जास्त असते, कारण तिला तुरट पाला खाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तरीही मांस चढायला प्रथिने हवीतच. म्हणून बोंडांच्या जोडीला सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प यांचा पाला किंवा रोज १०० ते १५० ग्रॅम शेंगदाणा पेंड द्यावी. फणसाचा पाला तर आपल्या घरामागेच असतो. दिवसाला दहा ग्रॅम क्षार मिश्रण आणि समोर सतत स्वच्छ पाणी असावे. ‘बोंडांत पाणी असतेच की’ म्हणून पाणी कमी ठेवू नये. खच्ची केलेल्या बोकडांत मूतखडा होण्याचे एक मोठे कारण कमी पाणी आणि जास्त कोंडा हे असते.

तीन महिन्यांखालच्या करडांना हे खाद्य अजिबात देऊ नये, कारण त्यांचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात देऊ नये. आजारी किंवा हगवण लागलेल्या जनावराला देऊ नये.

धोक्याची लक्षणे

बोकड खाणे सोडतो, रवंथ थांबते, दात खातो, डाव्या कुशीत हात लावला तर पाण्याच्या पखालीसारखे डचमळते, शेण पातळ व आंबट वासाचे होते, चाल अडखळते. ही ॲसिडोसिसची लक्षणे. बागेत घुसून बोंडे खाल्ल्यावर काही तासांत ती दिसू लागतात आणि उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत जनावर दगावते. अशा वेळी बोंडे व खुराक ताबडतोब बंद करावा. जनावर उभे असेल आणि गिळत असेल तर चहाचे चार सपाट चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून हळूहळू पाजावा. मान फार वर धरू नये, नाहीतर पाणी फुप्फुसात जाते. आडव्या पडलेल्या जनावराला काहीही पाजू नये. आणि हे सर्व पशुवैद्य येईपर्यंतचे आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे.

दुसरा धोका आंत्रविषाराचा. आतड्यात एरवी शांत बसलेले जंतू गोड आणि जास्त खाद्य मिळताच वाढतात व विष सोडतात. कळपातला सर्वांत तगडा, सर्वांत खादाड बोकड आधी मरतो, तोही कित्येकदा लक्षणे दिसण्याआधीच. यावर उपचाराला वेळच मिळत नाही. लस हाच उपाय. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी आणि प्रथमच टोचत असाल तर पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी मात्रा चुकवू नये. ज्यांना बोंडांचे खाद्य सुरू करायचे आहे त्यांनी आधी लस आणि मग पिंप हा क्रम ठेवावा.

तिसरा धोका नीट न मुरलेल्या खाद्यातल्या लिस्टेरिया जंतूंचा. शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरते, एक कान लोंबतो, ओठ वाकडा होतो, लाळ गळते. गाभण शेळ्या गाभडतात. हा रोग माणसालाही होतो आणि गर्भवती स्त्रीच्या पोटातल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. म्हणून गाभडलेल्या शेळीचा गर्भ व वार गर्भवती स्त्रीने हाताळू नये. इतरांनीही हातमोजे घालूनच ते पुरावे. शेळीचे दूध न उकळता कुणीही पिऊ नये.

माणसाने स्वतःला जपावे

पिंपाऐवजी खड्डा किंवा टाकी वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. फळे आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. विहिरीत आणि मैलाटाकीत अशा दुर्घटना आपण वर्तमानपत्रात वाचतोच. आंबत्या फळांच्या खड्ड्यात कधीही उतरू नये. कुणी पडलाच तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवावे. घरगुती कामासाठी पिंप हेच बरे, त्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

फवारणीकडेही लक्ष हवे. काजूवरील ढेकण्या किडीसाठी मोहोराच्या व फळधारणेच्या काळात औषधे मारली जातात. केरळातल्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हवेतून एन्डोसल्फान फवारले गेले. त्याचे परिणाम तिथल्या माणसांनी भोगले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. विष फळात उरले की ते शेळीत जाते आणि शेळीतून आपल्यात येते. औषधाच्या बाटलीवर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय बोंडे खाद्याला घेऊ नयेत. बोंडे दुसऱ्याच्या बागेतली असतील तर फवारणी कधी झाली हे विचारूनच घ्यावीत.

दुसऱ्या फळांचे काय?

हीच पद्धत थोड्या फरकाने इतर फळांच्या उरलेल्या भागाला लागू पडते. रत्नागिरीतल्या आमरसाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या हापूसच्या साली फार गोड असतात. त्यात पेंढा अधिक घालावा आणि बाठे वेगळे काढावेत, कारण बाठा घशात अडकतो. नाशिककडे वाइन तयार केल्यावर द्राक्षाचा चोथा उरतो. त्यात बिया व टॅनिन भरपूर, पचन कमी. शिवाय द्राक्षावर मोरचुदाची फवारणी झालेली असते. तांबे मेंढ्यांना लवकर बाधते, म्हणून तो चोथा मेंढ्यांना देऊ नये आणि शेळ्यांनाही बेतानेच द्यावा. विदर्भातल्या संत्र्याच्या सालींत कॅल्शियम जास्त व फॉस्फरस कमी असतो. कोंड्याचे नेमके उलट असते, म्हणून दोघांची जोडी जमते. हातभट्टीतले किंवा कुठल्याही दारूच्या भट्टीतले उरलेले पाणी मात्र जनावराला कधीच पाजू नये.

नेहमीचे काही प्रश्न

आंबवलेले खाणाऱ्या बोकडाच्या मटणात दारू उतरते का? नाही. चांगल्या मुरलेल्या खाद्यात दारूचे प्रमाण अल्प असते. जे असते ते कोठीपोटातले जंतू वापरतात आणि उरलेल्याचा निकाल यकृत लावते. खाणाऱ्याने याची काळजी करण्याचे कारण नाही.

बोकड झिंगताना दिसला तर? ती गंमत नव्हे. एकतर खाद्यात यीस्ट माजले आहे किंवा ॲसिडोसिस सुरू झाला आहे. दोन्ही वेळी खाद्य बंद करून डॉक्टरांना बोलवावे.

वजन किती वाढते? हे जातीवर, वयावर आणि जंत निर्मूलनावर अवलंबून आहे. आपल्या गावठी बोकडांत दिवसाला ५० ते १०० ग्रॅम वाढ ही चांगली समजावी. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. वजन थांबले तर खाद्यात काय चुकले ते वही सांगते. नुसत्या बोंडांवर बोकड पोसता येत नाही. ती पेंडीचा खर्च थोडा वाचवतात आणि चाऱ्याची तूट भरतात, एवढीच अपेक्षा ठेवावी.

आणि शेवटचा प्रश्न, जो लोक मोठ्याने विचारत नाहीत. बोकड बोंडे खाऊन मेला, तर मटण वाया का घालवायचे? म्हणून खेड्यापाड्यांत मेलेला बोकड गुपचूप कापून वाटला जातो. असे करू नये. अचानक मेलेले जनावर बोंडांनीच मेले असे कुणीही नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. आंत्रविषारानेही ते असेच मरते आणि काळपुळीनेही. काळपुळीत नाका-गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. असे जनावर नुसते कापले तरी कापणाऱ्याच्या हातातून जंतू शिरतात आणि माणूस दगावू शकतो. अचानक मेलेले जनावर न फाडता पशुवैद्याला दाखवावे आणि सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. त्याच जनावराला आदल्या दिवशी औषधे टोचली असतील तर तीही मटणात असतात. औषध दिलेला बोकड किती दिवसांनी विकावा, हे डॉक्टरांना विचारूनच विकावा.

बचत गटातल्या भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. काजू हंगामात एकटीने बोंडे वेचून, पेंढा कापून, पिंप भरणे जड जाते. पाच-सहा जणींनी मिळून एका दिवशी एकीच्या अंगणात पिंपे भरली तर काम हलके होते. पहिल्या वर्षी प्रत्येकीने एकच पिंप भरावे आणि दोनच बोकडांवर ते वापरून पाहावे. वाडीतल्या बागांत कुजणारी बोंडे कमी झाली की माश्या कमी होतात आणि पहिल्या पावसात तो घाण रस वाहून विहिरीत जात नाही. हा फायदा शेळ्या नसलेल्या घरांनाही मिळतो.

हंगाम सुरू होण्याआधी एवढे करून ठेवा. आंत्रविषाराची लस टोचून घ्या, जंतांचे औषध द्या, पेंढा कोरडा राखा आणि झाकणाचे एक स्वच्छ पिंप मिळवा. बोंडे काय, झाडाखाली आपोआप पडणारच आहेत.